झारचे महाल, सोव्हिएतांची डागडुजी : जूनमधलं मॉस्को आणि पीटर्सबर्ग

शनिवार, मॉस्को

रशियाचा ई-व्हिसा घरबसल्या मिळाला, पण पैशांचं गणित जुन्या काळातलं. २०२२ च्या मार्चपासून तिथे बाहेरच्या देशांतली व्हिसा-मास्टरकार्ड चालत नाहीत. त्यामुळे हॉटेलपासून गाडीवरच्या कणसापर्यंत सगळं रोखीत. ताईने डॉलर एका कापडी पट्ट्यात शिवून कमरेला बांधले आणि म्हणाली, "आजी काशीला अशीच कसा बांधून गेली होती."

विमानतळावरून मुक्कामी पोचून, अंघोळ उरकून लाल चौकात गेलो तेव्हा संध्याकाळचे आठ वाजले होते आणि ऊन दुपारचं असावं तसं. क्रेमलिनच्या पाच बुरुजांवर लाल काचेचे तारे आहेत. त्यांतल्या चारांवर पूर्वी झारशाहीचे दोन डोक्यांचे गरुड बसत. ते १९३५ साली उतरवून तारे चढवले. आता त्याच चौकात मान वळवली की इतिहास संग्रहालयाच्या शिखरांवर गरुड परत आलेले दिसतात. दोन्हींच्या मध्ये, काचेच्या पेटीत, लेनिन. कोपऱ्यातलं काझान कॅथेड्रल १९३६ मध्ये पाडलं होतं, १९९३ मध्ये जसंच्या तसं बांधलं. त्याच्या लगतची दुहेरी वेस १९३१ मध्ये पाडली होती, तीही नव्वदच्या दशकात परत उभी राहिली. कॅथेड्रल परत बांधता आलं, कारण प्योत्र बारानोव्स्की नावाच्या वास्तुरचनाकाराने पाडण्याआधी त्याची मापं घेऊन ठेवली होती.

हा प्रवास मी आखला तो एका प्रश्नापायी. ज्या बोल्शेविकांनी, म्हणजे पुढच्या सोव्हिएत राज्यकर्त्यांनी, आपल्या झारला बायकामुलांसकट तळघरात गोळ्या घातल्या, त्यांनीच पुढे त्याची घरं इतक्या निगुतीने का उभी केली? ताईला हा प्रश्न फारसा महत्त्वाचा वाटत नव्हता. तिला पीटर्सबर्गचा बॅले बघायचा होता आणि शाकाहारी जेवण कुठे मिळेल हे जाणून घ्यायचं होतं.

रविवार, क्रेमलिन

शस्त्रागार संग्रहालयात ठरावीक वेळांनाच आत सोडतात. आम्हाला दहाची वेळ मिळाली. नाव शस्त्रागार, पण आत तलवारींपेक्षा सोन्याची भांडी, अभिषेकाचे पोशाख, बग्ग्या आणि सिंहासनं यांचाच भरणा. मोनोमाखची टोपी एका पेटीत ठेवली आहे: सोन्याच्या बारीक तारेचं काम, वर खडे, खाली सेबलच्या मऊ केसाळ कातड्याची किनार. मॉस्कोचे राजे पिढ्यान् पिढ्या हीच घालून अभिषेक करवून घेत. १६८२ मध्ये पंचाईत झाली, कारण एकाच वेळी दोन झार गादीवर बसवायचे होते. पंधरा वर्षांचा अशक्त इव्हान पाचवा आणि त्याचा दहा वर्षांचा सावत्र भाऊ पीटर. मग पीटरसाठी दुसरी टोपी घडवली आणि दोघांसाठी चांदीचं जोड-सिंहासन केलं. त्या सिंहासनाच्या पाठीला एक झरोका आहे. मागे बसून मोठ्यांनी पोरांना उत्तरं सांगावीत यासाठी, असं सांगतात. जवळच पीटरचे गुडघ्यापर्यंतचे अवजड बूट आहेत. माणूस दोन मीटरहून उंच होता. ते बूट बघितल्यावर त्याला मागून उत्तरं सांगण्याची गरज फार दिवस पडली नसावी असं वाटतं.

मी मात्र आले होते झारचा सोनार फाबर्जे याच्या रत्नजडित अंड्यांसाठी. अलेक्झांडर तिसऱ्याने १८८५ च्या ईस्टरला बायकोसाठी पहिलं अंडं करवलं. पुढे मुलगा निकोलस दुसरा आई आणि बायको अशा दोघींना ती देत राहिला. शाही अंडी एकूण पन्नास. त्यांतली दहा इथे आहेत. सोव्हिएत सरकारने १९२० आणि ३० च्या दशकांत परकीय चलनासाठी बरीच विकून टाकली. २००४ मध्ये एका रशियन उद्योगपतीने त्यांतली नऊ अमेरिकेतल्या फोर्ब्ज कुटुंबाकडून विकत घेऊन परत आणली. ती पीटर्सबर्गच्या एका महालात आहेत.

दहांपैकी एकासमोर आम्ही अर्धा तास उभ्या होतो. गडद हिरव्या दगडाचं अंडं, त्यावर लाल ठिपके, वरून सोन्याची वळणदार नक्षी आणि मध्ये मध्ये हिरे. उघडलेल्या अंड्याजवळ समुद्र म्हणून फिक्या निळ्या ॲक्वामरीनची चकती, आणि तिच्यावर बोटभर लांबीचं सोन्याचं जहाज. डोलकाठ्या, दोर, तोफा, नांगराची साखळी, सगळं जागच्या जागी. खिडक्यांच्या जागी हिऱ्यांचे कण. जहाजाचं नाव 'पामयात अझोवा', म्हणजे अझोवची आठवण.

हे खरं जहाज डिसेंबर १८९० मध्ये मुंबई बंदराला लागलं होतं. त्यावर बावीस वर्षांचा युवराज निकोलस होता आणि त्याचा एकोणीस वर्षांचा भाऊ जॉर्ज. पूर्वेच्या देशांची सफर करून राजपुत्रांनी जग बघावं आणि समुद्राच्या हवेने जॉर्जची तब्येत सुधारावी, असा बेत होता. झालं उलटंच. मुंबईत जॉर्जचा आजार बळावला आणि त्याला तिथूनच परत पाठवलं. तो क्षय होता. निकोलस पुढे आग्रा, काशी, कलकत्ता करत गेला. आई इकडे घरी, दोन्ही मुलं दूर समुद्रावर, म्हणून बापाने १८९१ च्या ईस्टरसाठी हे जहाज अंड्यात घालून घेतलं. जपानमध्ये ओत्सू गावी एका पोलिसाने निकोलसच्या डोक्यावर तलवारीचा वार केला तोही त्याच वर्षीच्या मे महिन्यात. वाचला, आणि व्लादिवोस्तोकला जाऊन त्याने ट्रान्स-सैबेरियन रेल्वेच्या कामाचा शुभारंभ केला. त्या रेल्वेचंही अंडं इथेच आहे, १९०० सालचं: वर रेल्वेमार्गाचा नकाशा कोरलेला आणि आत किल्लीने चालणारी सोन्याची इवलीशी गाडी, शेवटी देवघराचा डबा जोडलेला.

ताईचं सासर माझगावचं. ती काचेला नाक लावून म्हणाली, "म्हणजे हे आमच्या बंदरात उभं होतं?" पहारेकरी बाईंनी तिला बोटाने मागे सरकायला सांगितलं.

बाहेर झारची घंटा आणि झारची तोफ. घंटेचं वजन सुमारे २०० टन. ओतल्यावर १७३७ च्या आगीत तडकली, तिचा साडेअकरा टनांचा टवका शेजारी ठेवला आहे. ती कधी वाजली नाही. लोक टवक्यासमोर फोटो काढतात, आम्हीही काढला.

उस्पेन्स्की कॅथेड्रल लहान वाटतं, पण राजधानी पीटर्सबर्गला गेल्यावरही अभिषेक इथेच होत. शेवटचा १८९६ च्या मे महिन्यात, निकोलसचा. त्यानंतर चार दिवसांनी खोदिन्का मैदानावर रयतेला भेटी वाटायच्या होत्या: एनॅमलचा पेला, सॉसेजचा तुकडा, गोड पाव. पहाटेच्या अंधारात, खड्डे असलेल्या मैदानावर गर्दी चेंगरली. सरकारी आकडा १३८९ मृतांचा. त्याच रात्री निकोलस फ्रेंच राजदूताकडच्या नाचाला गेला, आणि ते लोक कधी विसरले नाहीत.

सोमवार, रेल्वेत

मॉस्कोहून पीटर्सबर्गला जाणारी सापसान गाडी सुटते ती लेनिनग्राद स्टेशनातून. शहराचं नाव १९१४ मध्ये पेत्रोग्राद झालं, १९२४ मध्ये लेनिनग्राद, आणि १९९१ मध्ये पुन्हा सेंट पीटर्सबर्ग. मॉस्कोतल्या स्टेशनाची पाटी मात्र मधेच कुठेतरी थांबली आहे. ६५० किलोमीटर, चार तास. हा मार्ग निकोलस पहिल्याने १८५१ मध्ये सुरू केला. त्याने नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली, पट्टीबाहेर आलेल्या बोटाभोवती पेन्सिल फिरली आणि तिथे रुळांना बाक आला, अशी गोष्ट अजून सांगतात. ती खरी नाही. बाक होता, पण तो निकोलस मेल्यानंतर कितीतरी वर्षांनी, चढ सोपा करायला घातलेला. आता तोही सरळ केला आहे.

खिडकीबाहेर बर्च, पाणथळ, पुन्हा बर्च. ताई झोपली.

मंगळवार, हिवाळी महाल

नेवा नदीच्या काठाने हिरवट-पांढरा महाल पसरलेला आहे. रास्त्रेली या इटालियन कुळाच्या वास्तुरचनाकाराने १७५४ ते १७६२ मध्ये सम्राज्ञी एलिझाबेथसाठी तो बांधला. पूर्ण होण्याआधीच ती वारली. १८३७ च्या डिसेंबरात आतून जळून खाक झाला तर निकोलस पहिल्याने वर्षभरात उभा करण्याचा हुकूम सोडला. कडाक्याच्या थंडीत ओला गिलावा सुकावा म्हणून आतल्या खोल्या भट्टीसारख्या तापवत, आणि त्या उष्णतेतून बाहेरच्या बर्फात जा-ये करणारे मजूर मरत, असं त्या वेळी आलेल्या एका फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलं आहे.

महालातल्या हर्मिटेज संग्रहालयाच्या संग्रहाची सुरुवात १७६४ ची. बर्लिनच्या एका व्यापाऱ्याने प्रशियाच्या राजासाठी जमवलेली चित्रं राजाला परवडेनात, तेव्हा कॅथरीन दुसरीने ती उचलली. आज हर्मिटेजमध्ये सुमारे तीस लाख वस्तू आहेत. सगळं बघायचा नाद सोडून द्यावा. आम्ही जॉर्डन जिन्यावरून चढलो (एपिफनीच्या सणाला नदीचं पाणी पवित्र करायला झार या जिन्याने उतरत असे), रेम्ब्रांटच्या दालनात बराच वेळ घालवला, आणि मोराच्या घड्याळापाशी गेलो. लंडनच्या जेम्स कॉक्सच्या कारखान्यातला हा सोनेरी मोर सरदार पोत्योम्किनने कॅथरीनसाठी मागवला. सुट्या भागांत आला, आणि तो जुळवला इव्हान कुलिबिन या रशियन कारागिराने. घुबड मान फिरवतं, मोर पिसारा फुलवून वळतो, कोंबडा आरवतो. हे सगळं बुधवारी संध्याकाळी. आमचा मंगळवार. शेजारच्या पडद्यावर फुलणारा मोर बघून घेतला.

माझ्या प्रश्नाचा धागा सापडला तो एका लहान जेवणघरात. २५ ऑक्टोबर १९१७ च्या रात्री, जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे, झारने गादी सोडल्यावर आलेल्या हंगामी सरकारचे मंत्री इथे बसले होते आणि इथेच त्यांना अटक झाली. खोलीतलं घड्याळ दोन वाजून दहा मिनिटांवर थांबवून ठेवलं होतं. शंभर वर्षांनी, २०१७ मध्ये, संग्रहालयाने ते पुन्हा चालू केलं. आम्ही गेलो तेव्हा ते इमानेइतबारे टिकटिकत होतं.

महाल ताब्यात घेतला म्हणजे जपलाच असं नव्हे. १९३० आणि ३१ मध्ये याच भिंतींवरची २१ चित्रं अँड्र्यू मेलन या अमेरिकन धनाढ्याला साडेसहासष्ट लाख डॉलरला विकली गेली. राफाएलची एक मॅडोना त्यात होती. ती आता वॉशिंग्टनला आहे. दहा वर्षांनी जर्मन चालून आले तर त्याच सरकारने दहा लाखांहून अधिक वस्तू बांधून आगगाडीने उरलपलीकडे स्वेर्दलोव्स्कला, म्हणजे आजच्या येकातेरिनबर्गला, पाठवल्या. रिकाम्या चौकटी भिंतींवरच राहू दिल्या, परतल्यावर कुठलं चित्र कुठे हे समजावं म्हणून. जर्मनांनी शहराला घातलेला वेढा ८७२ दिवस चालला. आणि हर्मिटेजचा काही माल ठेवायला स्वेर्दलोव्स्कमध्ये ज्या इमारती मिळाल्या त्यांत इपात्येव्हचं घर होतं. ज्या घराच्या तळघरात १९१८ च्या जुलैत शेवटचा झार मारला गेला, तेच. झारचं सामान झारच्या मारेकऱ्यांनी, जर्मनांपासून वाचवायला, झारला मारलं त्या घरात ठेवलं. ते घर १९७७ मध्ये पाडलं. पाडण्याचा हुकूम अमलात आणणारा तिथला पक्षाचा प्रमुख होता बोरिस येल्त्सिन. या माणसाचं नाव गुरुवारी पुन्हा येईल.

जेवण एका स्तलोवायात, म्हणजे ताट घेऊन रांगेने पुढे सरकायच्या खाणावळीत. ताईला उकडलेला बकव्हीट, मशरूम आणि कोबी भरलेली पिरोश्की मिळाली. बोर्श्त बीटचं सार असलं तरी बहुधा गोमांसाच्या पाण्यात करतात, हे मात्र विचारून घ्यावं.

बुधवार, पीटरहॉफ

महालासमोरच्या धक्क्यावरून पाण्यावर तरंगत धावणारी बोट चाळीसेक मिनिटांत पीटरहॉफला पोचवते. कारंजी बघायची. एवढी पाण्याची उधळण आहे, पण एकही पंप नाही. वीसेक किलोमीटरवरच्या रोपशाच्या उंच जागेवरून कालव्यांनी पाणी आणून तळ्यांत साठवलं आहे, आणि ते नुसत्या उताराच्या जोरावर उसळतं. वासिली तुव्होल्कोव्ह या रशियन अभियंत्याने १७२१ मध्ये हा कालवा पुरा केला. सिंहाचा जबडा फाडणारा सोनेरी सॅम्सन मधोमध, त्याच्यातून वीस मीटरचा फवारा. पोल्ताव्हाच्या लढाईत पीटरने १७०९ मध्ये स्वीडनला हरवलं ते संत सॅम्सनच्या दिवशी, आणि सिंह हे स्वीडनचं चिन्ह.

तो सॅम्सन मूळचा नव्हे. १९४१ ते ४४ जर्मन फौजा इथे होत्या. गेल्या तेव्हा महाल जळका सांगाडा होता आणि सॅम्सन नाहीसा झाला होता, तो कधीच सापडला नाही. लेनिनग्राद उपासमारीतून नुकतं उठलेलं. घरांना काचा नाहीत. आणि १९४६ मध्ये कारंजी सुरू, १९४७ मध्ये सिमोनोव्ह या शिल्पकाराने फोटोंवरून केलेला नवा सॅम्सन मिरवणुकीने शहरातून आणून बसवला. मला वाटतं माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. जर्मनांनी मोडलं तेव्हा ते झारचं उरलं नाही, आपलं झालं. राजावरचा राग एकीकडे आणि गावावरचा हल्ला दुसरीकडे.

बागेत फसवी कारंजी आहेत. विशिष्ट दगडावर पाय पडला की चारी बाजूंनी पाणी उडतं, निदान तसं भासवतात. ताईच्या मते झुडपाआड बसलेला माणूस कळ दाबत होता. ती भिजली आणि उरलेला दिवस त्याच्यावर नजर ठेवून होती.

गुरुवार, किल्ला

शहराची सुरुवात झायाची बेटावरच्या किल्ल्याने झाली, मे १७०३. जवळच पीटरची लाकडी झोपडी आहे. तीन दिवसांत बांधली म्हणतात. ओंडके तासून त्यांवर विटांची रेघारेघ रंगवली आहे, म्हणजे दुरून हॉलंडमधलं पक्कं घर वाटावं. दलदलीत दगडी शहर उभं करायला माणसं वेठबिगारीने दूरदूरहून आणली, हजारो तिथेच मेली. १७१४ मध्ये पीटरने बाकी रशियात दगडी बांधकामावरच बंदी घातली, सगळे गवंडी इकडे यावेत म्हणून.

किल्ल्यातल्या पीटर-पॉल कॅथेड्रलचा सोनेरी सुळका १२२ मीटर उंच. आत पीटरपासूनचे जवळजवळ सगळे सम्राट पुरले आहेत. पांढऱ्या संगमरवराच्या एकसारख्या पेट्या, फक्त अलेक्झांडर दुसऱ्याची हिरव्या जास्परची आणि त्याच्या राणीची गुलाबी ऱ्होडोनाइटची. पीटरच्या थडग्यावर ताजी फुलं होती. त्याचाच मुलगा अलेक्सेई याच किल्ल्यात, बापाच्या हुकमावरून छळ सोसून, १७१८ मध्ये मेला. त्याला घंटाघराच्या जिन्याखाली पुरलं.

उजवीकडच्या लहान खोलीत निकोलस दुसरा आणि कुटुंब. १७ जुलै १९९८ ला, हत्येला बरोबर ऐंशी वर्षं झाली त्या दिवशी, दफन झालं. राष्ट्राध्यक्ष म्हणून मान झुकवून उभा होता तो येल्त्सिन. चर्चला मात्र हाडांची खात्री नव्हती. धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटली, पण मृतांची नावं घेतली नाहीत. दोन वर्षांनी त्याच चर्चने या कुटुंबाला संतपद दिलं. हाडांबद्दलची शंका तशीच ठेवून.

शास्त्रज्ञांची खात्री कशी पटली त्यात जॉर्ज येतो. आईकडून मिळणाऱ्या डीएनएत निकोलसच्या हाडांमध्ये एका ठिकाणी दोन प्रकार मिसळलेले आढळले. असं क्वचित होतं, म्हणून हाडं खरंच त्याची का, असा वाद निघाला. मग १९९४ मध्ये इथलंच जॉर्जचं थडगं उघडलं. मुंबईहून परत गेलेला जॉर्ज १८९९ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, जॉर्जियातल्या अबास्तुमानीला वारला होता. त्याच्या हाडांतही तेच मिश्रण निघालं. युवराज अलेक्सेई आणि एक मुलगी यांचे अवशेष २००७ मध्ये वेगळ्या जागी सापडले, पण त्यांना अजून इथे जागा मिळालेली नाही.

दुपारी बारा वाजता बुरुजावरून तोफ उडते. ताईने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तोफ उडून गेल्यावरही काढले नाहीत. परतताना क्शेसिन्स्कायाची हवेली लागली. ही बॅलेरिना निकोलसची लग्नाआधीची प्रेयसी. १९१७ मध्ये बोल्शेविकांनी हवेलीत ठाण मांडलं, लेनिनने तिच्या बाल्कनीतून भाषणं केली, आणि या बाईने सरळ कोर्टात दावा लावला. निकालही तिच्या बाजूने लागला. ताईला हा सगळ्या प्रवासातला सर्वांत आवडलेला किस्सा.

शुक्रवार, रक्तावरचं चर्च

ग्रिबोयेदोव्ह कालव्याच्या काठाला एक चर्च पाण्यात पुढे सरकून उभं आहे. काठच तिथे मुद्दाम पुढे घेतला आहे, कारण १ मार्च १८८१ ला, जुन्या पंचांगाने, अलेक्झांडर दुसरा ज्या फरसबंदीवर कोसळला ती चर्चच्या आत यायला हवी होती. त्याने १८६१ मध्ये कोट्यवधी भूदासांना मुक्त केलं होतं. 'नारोदनाया वोल्या' या क्रांतिकारकांच्या गुप्त गटातल्या तरुणांना ते पुरेसं नव्हतं. पहिला बॉम्ब रिसाकोव्हने टाकला. सम्राटाची बग्गी चिलखती होती, त्याला काही झालं नाही. तो जखमींची विचारपूस करायला खाली उतरला आणि ग्रिनेविएत्स्कीने दुसरा बॉम्ब पायाशी फेकला. कटाची सूत्रं हलवणारी सोफिया पेरोव्स्काया ही पीटर्सबर्गच्या माजी गव्हर्नरची मुलगी. बॉम्ब बनवणारा किबालचिच फाशीची वाट बघत असताना तुरुंगात माणूस वाहून नेणाऱ्या अग्निबाणाचं रेखाटन करत बसला होता. 

आपला याच्याशी संबंध आहे, आणि तो थेट. विलायतेत शिकायला गेलेले पांडुरंग महादेव बापट, आपले सेनापती बापट, १९०७-०८ च्या सुमाराला पॅरिसला गेले ते तिथल्या रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची कृती मिळवायला. ती कृती त्यांनी हिंदुस्थानात आणली. आतल्या छत्रीखालचे ते ओबडधोबड दगड आणि वाकडं झालेलं रेलिंग बघताना मला नगर जिल्ह्यातलं बापटांचं पारनेर आठवत होतं, आणि बाजूच्या चिनी मंडळाचा गाइड अर्थातच वेगळंच काहीतरी सांगत होता.

चर्चच्या भिंती, छत, खांब सगळ्यावर मोझॅइक, सात हजार चौरस मीटरहून अधिक. खरं सांगायचं तर डोळ्यांना जड जातं. एका देवदूताच्या पंखाजवळ गेलं तर दिसतं की पांढरा म्हणून जो रंग वाटतो त्यात पांढरा तुकडा जवळजवळ नाहीच. फिके निळे, पिवळट, राखाडी. १९३० मध्ये चर्च बंद झालं, वेढ्यात मृतदेह ठेवायला वापरलं, मग भाज्यांचं कोठार झालं. लोक त्याला 'बटाट्यांवरचा तारणहार' म्हणत. मुख्य घुमटात एक न फुटलेला जर्मन तोफगोळा अडकून होता, तो १९६१ मध्ये काढला. दुरुस्ती १९७० मध्ये सुरू झाली ती सत्तावीस वर्षं पुरली. दुरुस्ती संपून दारं उघडली १९९७ मध्ये, तोवर सोव्हिएत संघच उरला नव्हता.

संध्याकाळी मारिइन्स्की. १८६० ची ही नाट्यगृहाची इमारत, निळी-सोनेरी, मध्ये झारचा कक्ष. चायकोव्हस्कीचे 'स्लीपिंग ब्यूटी' आणि 'नटक्रॅकर' इथेच पहिल्यांदा झाले, १८९० आणि १८९२ मध्ये. अलेक्झांडर तिसऱ्याने त्याला सालाना तीन हजार रूबल बांधून दिले होते. आमची जागा वरच्या मजल्यावर, खांबाआडून अर्धा रंगमंच दिसणारी. ताई उभी राहून बघत होती. मध्यंतरात मला म्हणाली, "तुला तुझं उत्तर इथे मिळायला हवं. हे बंद करायला कोणाची छाती झाली असती?" क्रांतीनंतर बॅले हा सरदारांचा शौक म्हणून बंद करावा अशी मागणी खरोखर झाली होती, हे तिला तेव्हा सांगितलं नाही.

शनिवार, त्सारस्कोये सेलो

रशियातली पहिली रेल्वे १८३७ मध्ये पीटर्सबर्गहून त्सारस्कोये सेलोला धावली, आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या सोळा वर्षं आधी. झारचे उन्हाळी महाल असलेलं हे गाव. त्याच मार्गावर आता लोकल धावते, अर्ध्या तासात पोचवते. रांग मात्र तिकिटासाठी दीड तासाची, आणि एका टूर कंपनीच्या माणसाने मधेच पन्नास जण घुसवले तेव्हा रशियन आज्ज्यांनी त्याला जे सुनावलं ते भाषा न येताही समजलं.

कॅथरीन महालातली अंबर खोली (अंबर म्हणजे दगडासारखा घट्ट झालेला झाडांचा जुना चीक) अगदी वेगळी. प्रशियाच्या राजाने १७१६ मध्ये पीटरला भेट दिलेले अंबरचे तक्ते, पुढे रास्त्रेलीने इथे बसवले. जर्मनांनी १९४१ मध्ये ते काढून क्योनिग्सबर्गला नेले. युद्ध संपता संपता तिथून नाहीसे झाले. १९७९ मध्ये सोव्हिएत सरकारने नवी खोली करायचं ठरवलं. अंबर घासण्याचं, रंगवण्याचं, जोडण्याचं कसब कोणाला येत नव्हतं, ते जुन्या कृष्णधवल फोटोंवरून नव्याने शिकावं लागलं. २००३ मध्ये, शहराला तीनशे वर्षं झाली तेव्हा, ती उघडली. भिंत मधाच्या रंगाची आहे असं लांबून वाटतं. जवळ गेलं की प्रत्येक तुकड्याची छटा वेगळी, सांधा केसाएवढा.

तिथून दहा मिनिटं चाललं की अलेक्झांडर महाल. इथे गर्दी नाही. निकोलस दुसरा १९०५ पासून इथेच राहायचा, आणि मार्च १९१७ मध्ये गादी सोडल्यावर कैदी म्हणूनही इथेच होता. त्या वसंतातले फोटो भिंतीवर आहेत: कोटातला झार फावड्याने बागेत वाफे खणतोय, मुली पाण्याच्या बादल्या वाहतायत, कोबी लावलाय. १ ऑगस्टला, जुन्या पंचांगाने, त्यांना रेल्वेने सैबेरियाकडे पाठवलं. डब्यांवर जपानी रेड क्रॉसचं नाव लावून, वाटेत कोणी अडवू नये म्हणून. सोव्हिएतांनी या खोल्या होत्या तशा ठेवून संग्रहालय केलं होतं. युद्धात ते गेलं, पुढे इमारत नौदलाकडे होती. २०२१ मध्ये या खोल्या पुन्हा उघडल्या. राणीच्या खोलीतलं जांभळं रेशीम नवं विणलं आहे, झारच्या न्हाणीघरातल्या रंगीत फरशा नव्या पाडल्या आहेत. आतल्या सामानाची रुची मला बेतास बात वाटली. मध्यमवर्गीय घरासारखे भिंतभर फोटो आणि देवाच्या तसबिरी. ताईला उलट हा महाल सगळ्यांत आवडला, इथे माणसं राहत होती असं वाटतं म्हणाली.

कोणी जाणार असेल तर वारांकडे लक्ष ठेवावं. हर्मिटेज आणि पीटरहॉफचा मुख्य महाल सोमवारी बंद, त्सारस्कोये सेलोचे महाल मंगळवारी, रक्तावरचं चर्च बुधवारी, मॉस्कोचं क्रेमलिन गुरुवारी. मोर फुललेला बघायचा असेल तर बुधवार हर्मिटेजला द्या, पीटरहॉफ मंगळवारी उरकता येतं.